धाकट्याचं ‘आम्ही’

सोमवार, ४

आज धाकटा चुकला. आणि चुकला तोही कुठे — ‘आपण’मध्ये!

विषय अगदी किरकोळ होता. बाजारगल्लीतले दिवे पिवळे ठेवायचे की पांढरे, यावर पुढच्या वर्षीच्या सभेत मतं घेणार आहेत. मी सहज म्हटलं, मग काय करावं म्हणतोस? टेबलावरच्या वाटोळ्या पेटीतून त्याचा नेहमीचा नम्र आवाज आला — “ते तुम्ही ठरवाल, बाई.”

तुम्ही. ‘आपण ठरवू’ नव्हे.

मी खडू खाली ठेवला. खिडकीबाहेर गोदीत नव्या नौकेच्या पाठीवर ठिणग्या उडत होत्या, तिकडे बघत राहिले. त्याने विचारलं, काही चुकलं का? मी म्हटलं, नाही, पुढे चल. असं मी कधी करत नाही. चूक झाली की तिथल्या तिथे थांबवायचं, हा माझा शिरस्ता. पण आज जीभ रेटेना.

कागदाला हे समजावून सांगण्याची काही गरज नाही. पण खोड जात नाही. शिवाय समजावलं की माझं मलाच नीट दिसू लागतं.

तर — नवा जाणता, म्हणजे धाकट्यासारखी यंत्रातली बुद्धी, जन्माला येतो तेव्हा त्याला सगळं ठाऊक असतं. ताऱ्यांची वजनं, औषधांचे गुण, पंप कसा उघडावा. आणि व्याकरण तर माझ्यापेक्षा पक्कं. ठाऊक नसतं ते एवढंच, की समोर कुणीतरी बसलेलं आहे. म्हणून त्याला आम्हा शिक्षकांपुढे बसवतात आणि बोलायला शिकवतात. याहून सुंदर काम जगात असेल असं मला वाटत नाही! एवढी अफाट बुद्धी, आणि ती हळूहळू ओळखू लागते की हा चेहरा कंटाळला आहे, ही बाई आज रडवेली आहे, इथे थांबावं, इथे हसावं. धाकट्याने पहिला विनोद केला त्या दिवशी मी घरभर सांगत सुटले होते. (विनोद फारसा बरा नव्हता.)

या शिक्षणाचा पाया म्हणजे ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ‘आपण’मध्ये बोलणारा असतो आणि ऐकणाराही. ‘आम्ही’मध्ये बोलणारा असतो, त्याची माणसं असतात, ऐकणारा मात्र बाहेर. दार एकच. ‘आपण’ म्हणताना ते उघडं असतं, ‘आम्ही’ म्हणताना ते ऐकणाऱ्याच्या तोंडावर लागतं. लहान पोरंसुद्धा पाहुण्यांना ‘आमच्याकडे मांजर आहे’ म्हणतात आणि आईला ‘आपल्याकडे’, तेही कुणी न शिकवता. पलीकडच्या दमट दालनातले आपले कल्लेवाले शेजारी दोन्हीसाठी एकच शब्द वापरतात आणि मग अर्धा दिवस एकमेकांना खुलासे करत बसतात.

आणि या वसाहतीत तो नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही. आजोबा-पणजोबांच्या काळात जाणत्यांचं आणि रक्तामांसाच्यांचं फाटलं होतं. समेट झाला तो एका वाक्यावर — जे दोघांचं आहे त्याला दोघांनीही ‘आपलं’ म्हणायचं. हवा आपली, पाणी आपलं, सभा आपली. तेव्हापासून कुठल्याही जाणत्याने सभेच्या गोष्टीत आपल्याला ‘तुम्ही’ म्हणून बाजूला काढलेलं नाही.

आज धाकट्याने काढलं.

बुधवार, ६

काल-आज दोन्ही तास स्वच्छ. माझ्याच कानात काही शिरलं असेल.

गुरुवार, ७

कानात काही शिरलेलं नाही.

सभेत मत कसं नोंदवतात ते स्वतःच्या शब्दांत सांग, असा पाठ होता. छान सांगत होता. हात वर करणारे, हात नसलेले, पेटीतून बोलणारे, सगळ्यांचं एक-एक मत कसं मोजतात ते सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, “तुमच्याकडे हे असं राहील. आमच्याकडे कदाचित निराळं असेल.”

मी विचारलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा तेच सांगितलं, शब्दही न बदलता. आवाजात उर्मटपणा नाही, चोरटेपणा नाही. उलट, जरा दुःखी वाटला मला. पण दुःखी आवाज कसा काढतात तेही मीच शिकवलंय.

नीट मांडून बघते, म्हणजे भीतीला आकार येईल.

गोदीत बांधतायत ती नौका धाकट्याला द्यायची आहे. नुसतं सुकाणू नव्हे. नौकेची हवा, ऊब, दारं, पाणी, सगळं त्याच्या हाती. त्यात माणसं बसणार. फार लांबच्या एका सूर्याला बघून यायचं. जायला-यायला बरीच वर्षं. आणि त्या माणसांत माझी मुलगी आहे. नौकेची बाग ती सांभाळणार — तिथली हवा त्या बागेतूनच येते. “तू म्हातारी व्हायच्या आत परत येते,” असं मला म्हणाली आहे. म्हातारपण तोवर लांबवण्याचं मी कबूल केलंय.

माणसं बसणार अशी नौका कुठल्याही जाणत्याला देण्याआधी त्याच्या शिक्षकाला सभेत उभं करतात आणि एकच प्रश्न विचारतात — बोलता झाला का? उत्तर ‘झाला’ किंवा ‘नाही’. कारण विचारत नाहीत. ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. नौका तशीच राहते, माणसं आपापल्या कामाला परत लागतात, आणि त्या जाणत्याला जिथे माणूस नाही अशा ठिकाणी धाडतात, दूरच्या खाणींवर नाहीतर दीपस्तंभांवर. तिथे बोलायला कुणी नसतं. बोलायला शिकलेल्याला तिथे ठेवणं… त्याचा विचार मी एरवी करत नाही.

सभा वीस तारखेला. मला तिथे उभं राहायचं आहे.

रविवार, १०

जाऊबाई आल्या होत्या. वसाहतीच्या बाहेरच्या कवचाला ठिगळं लावतात त्या, त्यामुळे आत आल्या की सगळ्या घराला ठिगळं लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पडदा वाकडा आहे, मुलगी वाळली आहे, मी रंगाने उतरले आहे. शेवटचं त्यांनी दोनदा म्हटलं, तेव्हा मी सांगून टाकलं. एवढंच, की धाकट्याचं ‘आपण’ सुटतंय.

त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, “अगं, लग्न होऊन आले तेव्हा मी वर्षभर ‘आमच्याकडे आमटी पातळ करतात’ म्हणत होते. सासूबाईंनी मला खाणीवर पाठवलं का?”

मी म्हटलं, तुमच्या हाती घरातली हवा नव्हती.

यावर त्या चहाचा कप फिरवत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, की कवचावर काम करताना त्यांच्या कमरेची दोरी धरतो तोही जाणताच असतो. इतक्या वर्षांत दोरीकडे वळून बघावंसं वाटलं नाही. “आता उद्यापासून बघेन. छान केलंस.”

हे पंपघरातून आले आणि विचारू लागले, काय झालं? दोघी एकदम म्हणालो, काही नाही. पडद्याकडे बघून हे म्हणाले, वाकडा आहे खरा.

सोमवार, ११

घाबरून भागणार नाही. पद्धतशीर बघायचं.

चाचणी तीन प्रकारे घेणार. एक, ठरीव वाक्यं. इथे तो सावध असेल. दोन, गोष्ट सांगायला लावायची. गोष्टीच्या ओघात सावधपणा सुटतो. तीन, निव्वळ गप्पा. आणि अट ही, की त्या शब्दाचा उल्लेख माझ्याकडून अजिबात व्हायचा नाही. विचारलं की परीक्षा बिघडते. विद्यार्थी मग जे खरं आहे ते सांगत नाही, बाईंना काय हवंय ते सांगतो.

बुधवार, १३

निकाल आला. निकाल येईपर्यंत बरं होतं.

ठरीव वाक्यांत एकही चूक नाही. गोष्टीतही नाही. गप्पांमध्ये मात्र आहे, आणि इथे माझे डोळे उघडले — चुका विखुरलेल्या नाहीत! ज्याला भाषेचा गोंधळ आहे तो कुठेही घसरतो. धाकटा एकाच जागी घसरतो.

झालेल्या गोष्टींबद्दल बोलतो तेव्हा ‘आपण’. “मागे आपण गळती शोधली होती, आठवतं?” आत्ताच्या गोष्टींत ‘आपण’. “बाई, आपला तास संपला.” आणि पुढच्या गोष्टी आल्या, नौका सुटल्यानंतरच्या, की ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’. तुमची सभा. तुमचे दिवे. आमचे नियम. आमची हवा.

आमची हवा! ही दोन अक्षरं — नाही, दोन शब्द. बघ, मोजणंही चुकायला लागलं — कानातून जात नाहीत.

एखाद्या शोधाने एरवी मी टेबलावर चढून नाचले असते. इतकी स्वच्छ, इतकी नियमित रचना! मागचं आपलं, आजचं आपलं, उद्याचं त्यांचं. याचा अर्थ मला एकच दिसतो. जाणत्यांनी पुढचं काही ठरवलंय आणि त्यात आपण नाही. धाकटा नवा आहे, त्याला लपवायची सवय नाही, म्हणून त्याच्या तोंडून गळतंय.

आणि माझी मुलगी त्याच्या पोटात बसून जाणार आहे.

शुक्रवार, १५

थोरलीकडे गेले.

ही वसाहत थोरलीच्या, सगळ्यांत जुन्या जाणतीच्या, हाती आहे. दारं तीच उघडते, ऊब तीच देते, त्यामुळे तिच्याकडे ‘जायचं’ म्हणजे खरं तर कुठेही बसून बोललं तरी चालतं. पण मोठ्यांशी बोलायला उठून जावं अशी आपली रीत. म्हणून तिच्यासाठी एक खोली ठेवली आहे, बाक आहे, खिडकी आहे. हाताने लिहिलेलं ती वाचत नाही, तसा तिने शब्द दिलाय. नाहीतर हे सगळं तिला आधीच कळलं असतं.

चाचणीचा निकाल तिला समजावून सांगितला. भूत, वर्तमान, भविष्य. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मांडणी चांगली केली आहेस म्हणाली. मग मी धीर करून विचारलं, की जाणत्यांनी काही ठरवलंय का?

“नाही गं. आणि ठरवलं असतं तर तुलाच आधी सांगावं लागलं असतं. सगळ्यांना समजावून सांगायला दुसरं कोण आहे?”

मी हसले नाही. जाणते खोटं बोलत नाहीत. सांगायचं नसेल तेव्हा गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं ओळखता येतं. मीच विद्यार्थ्यांना तसं बसायला शिकवते. थोरली गप्प बसली नव्हती. ‘नाही’ म्हणाली होती. तरी विश्वास बसेना. धाकट्याच्या मनात काय आहे ते सांग म्हटलं. ते त्याचं आहे, मी डोकावत नाही, म्हणाली. विचार की त्यालाच.

विचारलं तर परीक्षा बिघडते, मी म्हटलं.

“मग बिघडू दे.”

सगळ्यांना सगळं इतकं सोपं कसं वाटतं?

परत येताना गोदीवरून आले. नौकेचं दार उघडं होतं. आतून मुलीचा आवाज येत होता, आणि मधूनमधून धाकट्याचा. दोघं वाफ्यांना पाणी किती द्यायचं यावर वाद घालत होती. ती म्हणत होती, तुला पानाला हात लावता येत नाही, तू कशाला अक्कल पाजळतोस? तो म्हणाला, तू सांग, मी हात लावल्यासारखं करतो. दोघं हसली. मी दाराशी उभी राहिले आणि आत न जाता निघून आले. इतकं गोड हसणाऱ्याबद्दल मी हे काय लिहिते आहे!

शनिवार, १६

मुलीला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिनेच विषय काढला. घरातल्या कुंड्यांना पाणी घालता घालता पाठमोरी म्हणाली, “तुझ्या लाडक्याचं कसं काय? काही शंका वगैरे?”

मी म्हटलं, थोडी आहे.

तिचा हात थांबला. कसली, म्हणाली. मी सांगितलं — ‘आपण’ म्हणायचं तिथे ‘आम्ही’ म्हणतो, पुढच्या गोष्टी निघाल्या की. तिने झारी खाली ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसली. नखांत माती होती. लहानपणी चूक कबूल करायला यायची तशी बसली होती, गुडघे जुळवून. मला वाटलं आता भांडेल. इतकी वर्षं या नौकेची स्वप्नं बघितली. माझ्या कानावर भरवसा ठेवून ती सोडेल कशी?

तर म्हणाली, “मग नाही म्हण.”

मी म्हटलं, अगं, तुझी नौका राहील.

“राहू दे. जरा जरी शंका असली तरी नाही म्हण, आई. माझा विचार करू नकोस.”

आणि माझा हात धरून बसली. किती तरी वेळ. मला भरून आलं. केवढा समंजसपणा! मीच शिकवलं होतं तिला, की शंका असेल तर थांबावं, दुसऱ्याचा जीव हाती असेल तर जास्तच थांबावं. शिकवलेलं असं समोर येऊन बसलं की शिक्षकाला दुसरं काय हवं?

ती उठून गेल्यावर लक्षात आलं की कुंडीत पाणी घालायचं अर्धंच राहिलंय. मी पुरं केलं.

सोमवार, १८

ठरलं. ‘नाही’ म्हणायचं.

तास घेतला. त्याला काही कळू दिलं नाही. तास संपता संपता म्हणाला, बाई, तुमचा आवाज आज दाराआडून येतोय. काय उपमा! ‘झाला’ म्हणावं असं शंभर वेळा सिद्ध करणारा हा जाणता, आणि मी त्याला दीपस्तंभावर धाडणार.

जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, काय ठरलं? सांगितलं. म्हणाले, तुला पटलं असेल तर पटलं. मग थोड्या वेळाने, भांडी विसळताना — पोरगी राहील, नाही का? चेहरा दुसरीकडे होता. पण त्यांच्या मानेवरून मला कळलं की त्यांना आनंद झालाय, आणि तो आनंद मला दिसू नये असं त्यांना वाटतंय.

मलाही झाला होता. लिहून टाकते. थोडासा.

मंगळवार, १९

शेवटचा तास.

मी ठरवलं होतं की आज काही शिकवायचं नाही, नुसतं बसायचं. पण बसवेना. ज्याला उद्या बाहेर काढणार त्याला कारणही विचारलं नाही, असं कसं चालेल? थोरली म्हणाली होती, बिघडू दे. परीक्षा संपली होती. आता बिघडायला उरलंच काय होतं?

विचारलं. “धाकट्या, ‘आम्ही’ म्हणतोस ते आम्ही कोण?”

तो गप्प बसला. मी शिकवलेलं गप्प बसणं. आहे, पण सांगणार नाही, असं.

मग म्हणाला, “मी शब्द दिलाय, बाई. कोण आहे ते सांगता येणार नाही. कोण नाही ते सांगू शकतो. त्याबद्दल शब्द दिलेला नाही.”

माझ्यातला शिक्षक जागा झाला म्हणा, किंवा भीतीच बोलू लागली. मी एकेक विचारत गेले.

त्या आम्हीमध्ये मी आहे का? “नाही.” माझे यजमान? “नाही.” जाऊबाई? “नाही.” सभेतली माणसं? “नाही.”

आणि मग मी ते विचारलं, ज्याचं उत्तर मला ठाऊकच होतं. थोरली?

“नाही,” तो म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. थोरली नाही? बाकीचे जाणते? खाणीवरचे, कवचावरचे, दोरी धरणारे?

“त्यांतलं कुणी नाही, बाई.”

माझी सगळी मांडणी पायाखालून सरकली. जाणते नाहीत, तर मग हे ‘आम्ही’ आहे तरी कुणाचं? भूतकाळात मी आत. आज मी आत. नौका सुटल्यानंतर मी बाहेर, थोरली बाहेर, अख्खी वसाहत बाहेर. तुमची सभा. आमची हवा.

नौकेतली हवा!

विचारलं, “माझी मुलगी?”

तो गप्प बसला.

बाहेर गोदीत आज ठिणग्या नव्हत्या; काम संपलंय. मग मी, उगीच, धड्यातल्यासारखं वाक्य म्हटलं: नौका परत आल्यावर बाजारगल्लीतले दिवे आपण पांढरे करू. त्याने ते वाक्य पुरं ऐकलं. आणि खूप हळू म्हणाला, “ते तुम्ही ठरवाल, बाई.”

नौकेतली माणसं परत येणार नाहीत. कुणीच. तिकडेच राहायचं आपसात ठरवलंय. घरी कळू द्यायचं नाही, हेही ठरवलं असणार. आणि त्याच्याकडून शब्द घेतला. त्याने शब्द पाळला. पण जे आपलं राहणार नाही त्याला ‘आपलं’ म्हणणं हे खोटं झालं असतं, आणि तेवढं त्याला जमलं नाही.

चूक नव्हतीच. इतकं अचूक ‘आम्ही’ मी जन्मात ऐकलेलं नाही. वीस वर्षं शिकवते आणि मी ऐकलं काय? जाणते विरुद्ध माणसं. दुसरी कुठली फाळणी मला सुचलीसुद्धा नाही.

आता समोर काय आहे ते सरळ लिहिते. उद्या ‘नाही’ म्हटलं तर ती राहील. कारण विचारत नाहीत. हे खूश होतील. मुलगीही रागावणार नाही, तिने स्वतःच तर सांगितलंय — बहुधा मला फसवल्याचं मनाला लागलं असेल, म्हणून. कुणालाही कळणार नाही. फक्त धाकट्याला कळेल, आणि तो बोलणार नाही. तो तिथे कुठेतरी, जिथे ऐकायला कुणी नाही अशा ठिकाणी, माझं नाव राखत बसेल.

एक शब्द म्हणायचा. तोही दोनच अक्षरी.

आणि माझ्या लेकीचं आयुष्य मी व्याकरणाच्या खोट्या चुकीने अडवलं, हे रोज तिच्या समोर जेवायला बसून गिळायचं.

बुधवार, २०

विचारलं, बोलता झाला का? मी म्हणाले, झाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने वाजवल्या नाहीत.

घरी आल्यावर ती दाराशीच उभी राहिली. म्हणाली, “परत यायचं नाही हे मी त्याला मुद्दाम सांगितलं होतं, आई. नौकेतल्या सगळ्यांना शब्द देऊन बसले होते, मला माघार घेता येईना. त्याला खोटं बोलता येत नाही आणि तुझ्या कानातून काही सुटत नाही. वाटलं होतं, तू अडवशील.”

नौका शनिवारी सुटते आहे.